मागच्या सीटवरची पारख

"गाडी बघावी पुढून, पण ओळखावी मागच्या सीटवर बसून." हे वहिनींचं ठरलेलं वाक्य. त्यांनी नुसतं "गाडी बघावी" म्हटलं, की उरलेलं सासूबाईच पुरं करायच्या.

धाकट्या दिराला मात्र ते पटत नसे. गॅरेज त्याचं, पाने त्याचे, काळे झालेले हातही त्याचेच. आणि टेकडीच्या शर्यतीत गाडी चालवणार कोण, तर वहिनी! गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर गाडी अशी कलंडायला लागली, की त्यांनी ब्रेक दाबला आणि हातातोंडाशी आलेला पहिला नंबर गेला. तेव्हाच दोघांत पैज लागली. यंदा वहिनी हरल्या तर पुढं शर्यतीत स्टिअरिंग दिराच्या हाती.

तरी दीर राबला तो मन लावून. कामात खोट ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. बाजारातला सगळ्यात जाड स्वे बार त्यानं आणला. वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा पोलादी दांडा. जुना करंगळीएवढा, हा अंगठ्याहून जाड. पुढच्या चाकांना तो बसवून दीर गाडीला म्हणाला, "आता झुकून दाखव!"

गाडी झुकली नाही. पण धड वळलीही नाही. वहिनींनी स्टिअरिंग फिरवलं तरी नाक आपलं सरळच, हट्टाला पेटलेल्या बैलासारखं.

"आणखी जाड आणतो," दीर म्हणाला.

"म्हणजे मी आणखी सरळ जाईन, थेट खड्ड्यात! व्हा बाजूला भावजी. चालवा तुम्ही, मी मागे बसते."

मागे बसून वहिनींनी डोळे मिटले. तीन-चार वळणं गेली.

"पुढचं अंग ताठरलंय, म्हणून पुढची चाकं घसरतात. मागचं नुसतं फरफटत येतंय. पुढे जुनाच बार लावा आणि मागे एक मध्यम जाडीचा."

"मागे? अहो, शेपूट फिरेल! उलट्या तोंडानं शर्यत जिंकणार का?"

"फार कडक झाला तर फिरेल. म्हणून तर मध्यम म्हणते."

दिराला राग आला, पण कुतूहल रागाहून मोठं निघालं. त्यानं पुढे जुना बार परत लावला आणि मागच्यासाठी मध्यम आणला. मध्यम बारच्या दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं होती. आतल्या भोकात जोडला की बार कडक, टोकाच्या भोकात नरम. त्यानं मुद्दाम आतल्यात जोडला. पहिल्याच वळणावर शेपूट सरकन फिरली, तो खदखदून हसला. मग टोकाच्या भोकात जोडला आणि या खेपेला वहिनींना चालवायला देऊन स्वतः मागे बसला. वळण आलं, आणि पाण्यात मासोळी वळावी तशी गाडी वळली.

"वहिनी!" तो लहान पोरासारखा ओरडला. "पुन्हा! पुन्हा एकदा!"

शर्यतीच्या दिवशी दीर शेवटच्या वळणावर उभा होता. पैज तो केव्हाच विसरला होता. आधी आवाज आला, मग गाडी. ब्रेकचा दिवा लागलाच नाही. मागचं अंग पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत आलं आणि गाडी सुसाट वर गेली. भोंग्यावरून पहिला नंबर पुकारला, तेव्हा दीर चढण धावतच चढला.

"स्टिअरिंग तुमचंच, वहिनी!"

"ते तर आहेच." त्यांनी किल्ली त्याच्याकडे फेकली. "पण उतरताना तुम्ही आणा. मी आईंबरोबर चालत जाते."

हेल्मेट कमरेवर टेकवून त्या उतरणीला लागल्या. सासूबाई शेजारून त्यांच्या पाठीवर थापा मारत होत्या. दिरानं गाडीचं दार उघडलं, पण मागचं. आणि मागच्या सीटवर बसून, त्या दोघी वळणाआड जाईपर्यंत तो बघत राहिला.