हाकेत मावलेली बत्तीस घरं

परवा यवतमाळात एका सभेत कुण्या तरुण आर्किटेक्टनं पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की हवामान बदलतंय, ऊन वाढतंय, तर आता वस्त्या आटोपशीर हव्यात, पायी फिरता येतील अशा, सावलीच्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या खुर्चीत बसून मनात म्हटलं, बाबा रे, हेच मला एका कापूस वेचणाऱ्या बाईनं भर उन्हात उभं करून शिकवलंय. आणि शिकवलंय म्हणजे चांगलं झापून.

तेव्हा मी सरकारी ओव्हरसियर होतो. घाटंजीकडच्या एका गावात दोन तासांत असा पाऊस कोसळला की नाल्याकाठची बौद्ध वस्ती वाहूनच गेली. वर उरला तो फक्त विहार. कापसाची ती वाईट वर्षं. गावात गाड्या यायच्या त्या कापसाची चौकशी करायला. मजुरांच्या पडलेल्या घरांचं कुणाला काय पडलं होतं? शेवटी विहाराभोवतीची, सडकेलगत पुढं गेलेली सरकारी जमीन मिळाली आणि बत्तीस घरकुलांचा नकाशा माझ्या गळ्यात पडला. मी शहाण्यानं सगळे प्लॉट सडकेला लावून एका रांगेत टाकले. समोर चाळीस फुटी रस्ता, प्रत्येकाच्या दारात गाडी! गाडी होती कुणाकडे? अख्ख्या वस्तीत तीन सायकली, त्यातली एक पंक्चर.

नकाशा वस्तीला वाचून दाखवला. सत्यभामा उठली. ही वेचणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी, आवाज असा की बैल थांबावा.

"साहेब, शेवटच्या घरापासून विहार किती दूर?"

"असेल पाऊण किलोमीटर."

"मंग आमचे हे कसे जातीन?"

हे म्हणजे तिचा नवरा उकंडा. कपाशीवर फवारा मारताना औषध डोळ्यांत उडालं आणि दोन्ही डोळे गेले. तरी रोज एकटा घरून विहारात जायचा, चार माणसांत बसायचा, एकटाच परत यायचा. एक हात भिंतीला. जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद, की मे महिन्यातही एका बाजूला सावली असायचीच. गालाला ऊन लागलं की बोळ संपला, गार लागलं की पुढचा आला, हा त्याचा हिशेब. माझ्या चाळीस फुटी रस्त्यावर ना भिंत होती ना सावली.

मला घाई होती. म्हटलं, "बरं बाई, तुम्हाला विहाराजवळचा प्लॉट देतो. झालं समाधान?"

"आन् दूरचा कोणाले देसान? पंचफुलाबाईले? तिचे गुडघे गेले." ती माझ्या अगदी समोर आली. "साहेब, डोये गेले त्यायचे. एक चालणं तेवढं राह्यलं. तेही तुमी नेता का?"

मी नकाशाची गुंडाळी केली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर सत्यभामा विहाराच्या दारात उभी आणि बाया मुठीत चुना घेऊन मैदानात चारी बाजूंना. मी विचारलं, हा काय तमाशा? ती म्हणाली, वेचणीत त्यांचा एक नियम आहे. कपाशी डोक्याइतकी वाढते, ऊन असतं, साप असतो. म्हणून म्होरकीची हाक पोचत नाही तिथं कुण्या बाईनं जायचंच नाही. घरं पण तशीच पाहिजेत. ती हाक मारायची, बाया एकेक पाऊल मागे सरकायच्या, आणि हाक नीट येईनाशी झाली की चुना टाकायच्या. झाली वस्तीची हद्द!

पायरीवर बसलेला उकंडा मात्र हसायला लागला. "काहून चुना वाया घालून राह्यली वं? वारा तिकडं नेऊन राह्यला तुया आवाज. उद्या वारा पडला का त्या बाजूचे घरं बहिरे होतीन."

खरंच, पूर्वेकडच्या खुणा पार लांब गेल्या होत्या. डोळस आम्ही सगळे, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पान हलत नसताना, सगळं पुन्हा केलं.

त्या हद्दीत मी बत्तीस घरं बसवली. भिंतीला भिंत, आठ फुटांचे बोळ, मैदानात आधीपासून असलेले चार कडुनिंब तसेच. वरच्या साहेबांनी फाईल आपटली, "गाड्या कशा जाणार?" मीही तापलो. म्हटलं, "एक रुंद रस्ता ठेवलाय गाडीला. बाकीचे माणसांना." दोन महिने भांडलो, तेव्हा सही झाली. पुढे एका मे महिन्यात मी थर्मामीटर घेऊन गेलो होतो. सडकेपेक्षा बोळात चार अंश कमी.

चिठ्ठ्या काढल्या आणि सत्यभामेला नेमकं शेवटच्या कोपऱ्यातलं घर आलं. माझाच चेहरा पडला. म्हटलं, बदलून देऊ का? ती म्हणाली, "कायले? हाकेत हाये ना!"

राहायला गेले त्या दिवशी मीही होतो. त्याआधी आठवडाभर ती उकंडाला हात धरून बोळ दाखवत होती. आज त्यानं हात झटकला. "तू नको येऊ वं." आणि निघाला. हात नव्या भिंतीवर. पहिल्या बोळाच्या तोंडाशी थांबला, गाल वर केला, वळला. दुसऱ्या वळणानंतर दिसेनासा झाला.

सत्यभामा उंबऱ्यात उभी, पदर मुठीत. मी मूर्खासारखा घड्याळ बघतोय. खूप वेळ झाला. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला म्हणाली, "नाही. त्यायलेच हाक मारू द्या."

आणि मग विहाराकडून आवाज आला. "सत्यभामे वं! पोचलो!"

जिच्या आवाजानं या वस्तीची हद्द ठरली, त्या बाईच्या तोंडून साधा हुंकार निघेना. नुसत्या डोळ्यांना धारा. शेवटी शेजारच्या ओट्यावरून पंचफुलाबाई ओरडली, "आली हाक, उकंडा भौ! रडून राह्यली तुई बायको!"

विहाराच्या पायरीवर उकंडा हसला. ते आम्हाला शेवटच्या घरात ऐकू आलं.