विजेची गाडी आणि पालीचं जातं

उजव्या हाताचं पहिलं बोट हवेत गरगर फिरवायचं आणि विचारायचं, "तुमच्याकडे फिरणारं काय आहे?" आमच्या शेजारचे काका कोणाच्याही घरी गेले की पायांवर पाणी घ्यायच्या आधी हा प्रश्न विचारत. लोक आपापल्या परीने उत्तर देत. कोणी म्हणे रहाट, कोणी म्हणे जातं. खालच्या आळीतल्या एका बाईने आत नजर टाकून सांगितलं, "आमचे हेच. सकाळी उठून जे फिरायला लागतात ते जेवायलाच येतात." काका गंभीरपणे म्हणाले, "त्यांना पट्टा लावता येणार नाही."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं सगळे म्हणतात, पण त्याने काही मागितलं की कोणालाच नाही म्हणवत नाही.

काका मुंबईला एका शेठजींच्या मोटारी सांभाळायला होते. त्या घरात शेठाणीसाठी घेतलेली एक विजेची गाडी होती. पुढे शेठजींनी सगळ्या गाड्या पेट्रोलच्या केल्या आणि काका नोकरी सोडून निघाले तेव्हा ती जुनी गाडी त्यांना बक्षीस देऊन टाकली. काकांनी ती आगबोटीवर चढवली आणि रत्नागिरीच्या बंदरात पडावातून, म्हणजे माल उतरवायच्या होडीतून, उतरवून घेतली. काचेच्या खिडक्या, आत मखमली बैठक, वळवायला चाकाऐवजी एक दांडा, आणि खिडकीशी फुलं ठेवायला काचेची नळी. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. बैठकीखालच्या बॅटऱ्या विजेने भरल्या की गाडी चालायची. अडचण एवढीच होती की आमच्या गावात तेव्हा वीज फक्त आभाळात होती.

गाडी आणली ती मिरवायला मात्र नव्हे. काकूंचं माहेर पाली. कोल्हापूरच्या रस्त्यावर, तशी काही फार लांब नाही. पण प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीत पाय ठेवला की पेट्रोलच्या वासाने काकूंना उलट्या सुरू होत, त्या थेट गळून पडेपर्यंत. बैलगाडीचे गचके त्यांच्या मणक्याला सोसत नसत. बसून कितीही काम सांगा, गचका तेवढा नको. डोली सुचवली तर म्हणत, "डोलीतनं दुखणाईत नेतात हो. आई बघून हाय खाईल." कित्येक वर्षांत त्या माहेरी गेल्या नव्हत्या. तिकडे आई अंथरुणाला खिळलेली. पालीहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर तिचा एकच निरोप असायचा, लेकीला एकदा बघायचं आहे.

तेव्हा काकांनी वीज घरीच करायचं ठरवलं. मुंबईहून एक डायनामो त्यांनी आणलाच होता. तो कशाने तरी फिरवला की बॅटरी भरते, एवढं मलाही समजलं. पहिला नंबर आमच्या रहाटाचा लागला. माझे यजमान मुंबईला नोकरीत, वाडी मी सांभाळायची आणि रहाटाला आमचा रेडा. काकांनी रहाटाच्या कण्याला एक लाकडी चाक ठोकलं आणि त्यावरून डायनामोला पट्टा घातला. रेडा दिवसभर फिरला. माडांना पाणी मिळालं आणि संध्याकाळी गाडी कोसभर गेली.

"एवढा रेडा फिरला आणि कोसभर?" मी म्हणाले. "काका, मग रेडाच का नाही जुंपत गाडीला?"

"रेडा रस्त्याने चालला की धक्का बसतो, सूनबाई. जागच्या जागी फिरला की नाही बसत."

मला हे काही पटलं नाही. रेड्याला पटलं असावं, कारण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरायला लागला.

पुढचं वर्षभर काका पालीच्या रस्त्यावर पायी हिंडले. कोसाकोसावर फिरणारं काहीतरी शोधायचं, त्याला लाकडी चाक ठोकायचं आणि पुढे जायचं. घरोघरचे रहाट झाले. मग गावाबाहेरच्या एका तेलवाल्याचा घाणा. तेलवाला व्यवहारी माणूस. त्याने विचारलं, "ह्यात माझा फायदा काय?"

"गाडी दिवसभर तुमच्या दुकानासमोर उभी राहील. बघायला माणसं येतील. आलेला माणूस तेल घेतल्याशिवाय जाईल होय?"

तेलवाल्याने चाक तर ठोकून घेतलंच, वर गाडी दोन दिवस का उभी राहू नये असंही विचारलं.

त्यापुढे चढावर एक वाडी होती. तिथल्या देवळाला दिव्याच्या तेलासाठी स्वतःचा घाणा होता, पण त्याचा बैल मेलेला. माणसांनी ढकलावा म्हटलं तर बैलाचं काम माणसाने कसं करायचं, ह्यावर वाडीची बैठक बसली. शेवटी पुजाऱ्याने तोड काढली. घाण्याच्या मधोमध गणपतीची तसबीर ठेवायची, म्हणजे ती प्रदक्षिणा होते. "मात्र उलटं फिरायचं नाही," त्याने बजावलं. डायनामोला नेमकी उलटी दिशा लागत होती, पण काकांनी पट्ट्याला पीळ घालून तेही जमवून दिलं. पुण्य वाडीचं आणि वीज काकांची, अशी वाटणी ठरली.

निघायच्या दिवशी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून मखमली बैठकीवर बसल्या. काचेच्या नळीत मी अबोली ठेवली. डायनामो पायाशी. गाडी इतकी चुपचाप निघाली की कुत्रीसुद्धा भुंकायची राहून गेली.

काकांनी सगळ्याचा विचार केला होता, एका गोष्टीचा सोडून. सवाष्ण बाई माहेरी निघालेली. ती ज्या घरी दिवसभर थांबली त्या घरची बाई तिची ओटी भरल्याशिवाय तिला सोडील कशी? पहिल्या घरी नारळ, तांदूळ, खण. दुसऱ्या घरी तीन सुना होत्या, म्हणून तीन नारळ. तेलवाल्याच्या बायकोने वर तेलाचा डबा दिला. प्रदक्षिणा घालणाऱ्या वाडीत तर घरटी नारळ आला. नारळांनी गाडी जड व्हायची. जड झाली की कमी चालायची आणि मधेच थांबायची. थांबली की जवळच्या घरातली बाई कुंकवाची कोयरी घेऊन लगबगीने बाहेर यायची.

"नारळ नको हो, बॅटरी उतरते," काका हात जोडून सांगत.

"अहो, तिला रिकाम्या ओटीने पाठवू होय?" बायका म्हणत. काकू मुकाट्याने पदर पुढे करत. नाही कशी म्हणणार? तिकडे आई डोळे लावून बसलेली, आहे की नाही तेही ठाऊक नाही आणि इकडे नारळांवर नारळ. एका घरी तर काका रहाटामागे जाऊन रडले, असं काकूंनीच मला पुढे सांगितलं.

शेवटच्या चढावर गाडी थांबली ती हलेचना. तेव्हा ज्यांनी नारळ दिले होते तेच लोक मागून आले आणि त्यांनी गाडी ढकलत वर नेली. पायी निघालेला माणूस ज्या पालीला दुपारपर्यंत पोचतो, तिथे विजेची गाडी आठवडा लोटल्यावर पोचली. आई होती. लेकीचा चेहरा हाताने चाचपत ती म्हणाली, "गाडीचा आवाज नाही आला गो. कशातनं आलीस?"

आता राहायचं किती हा प्रश्न होता. जावई सासुरवाडीला चार दिवस शोभतो, पुढे लोक हसायला लागतात. आणि नवऱ्याला हसं करून माहेरी राहणाऱ्यातल्या काकू नव्हत्या. तो निघाला की त्या निघणार. पण परत यायला बॅटरी भरायला हवी, आणि पालीच्या त्या घरात फिरणारं म्हणजे एक जातंच होतं. काकांनी जात्याच्या वरच्या फिरत्या दगडाला पट्टा घातला आणि भिंतीतल्या भोकातून तो बाहेर पडवीत डायनामोवर आणला. आत काकू आणि त्यांची भावजय दळायला बसत, बाहेर काका बॅटरी भरत. "गाडी भरली की येतो," असा निरोप आला. महिन्याभराने पुन्हा तोच निरोप आला. मग आमच्या आळीत थट्टेला ऊत आला. जावई बॅटरीपायी अडकून पडलाय, ह्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

एकदा बाजाराच्या दिवशी मी सर्व्हिस मोटारीने पालीला गेले. आत जात्याची घरघर चालली होती. पडवीत काका बसलेले. पट्टा भोकातून येऊन फिरत होता, पण डायनामोवर नव्हता. शेजारी ठोकलेल्या एका साध्या लाकडी रिळावर होता. डायनामो बाजूला निवांत. माझी नजर कुठे गेली ते काकांनी पाहिलं. उजव्या हाताचं बोट त्यांनी हवेत फिरवलं आणि हळूच ओठांवर ठेवलं. मग आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अजून भरली नाही हो, सूनबाई."

मी परत आले आणि विचारील त्याला तेच सांगितलं. मला त्या माणसाचा अतोनात अभिमान वाटला. गणपतीला चार दिवस येऊन बोटीची वेळ बघत बसणाऱ्या माझ्या यजमानांचा थोडा रागही आला.

आई त्यानंतर दोन पावसाळे जगली. ती गेली आणि त्याच थंडीत काकाही गेले.

काकू परत आल्या त्या एकट्या, सर्व्हिस मोटारीने. चेहरा पांढराफटक, अंगात उभं राहायचं त्राण नाही. माझ्या पडवीत टेकून त्यांनी गूळ-पाणी घेतलं. मग म्हणाल्या, "तो रीळ तू पाह्यला होतास ना गो?"

मी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"मला पण ठाऊक होतं. दळत होत्ये ना मी. पट्टा डायनामोवर असला की जातं जड लागतं, नसला की हलकं. दुसऱ्याच आठवड्यात हलकं झालं."

"मग बोलला नाहीत?"

"बोलल्ये असत्ये तर निघावं लागलं असतं." त्यांनी तोंडावरून पदर फिरवला. "आईचं सगळं आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी दळायला बसल्ये तर जातं जड. मी समजल्ये, आता घरी जायचं. त्या बॅटऱ्या काही वीज धरत नव्हत्या. त्यांना पण कळत होतं. तरी रोज पट्टा चढवायचे. मला त्याच गाडीतनं आणायचं होतं त्यांना. ते गेले त्या सकाळपर्यंत जडच दळत होत्ये मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रेड्याला रहाटाकडे नेत होते. शेजारच्या घरातून जात्याची घरघर ऐकू आली आणि मी उभी राहिले. जातं अगदी हलकं चाललं होतं.