मजकूर वाचून समजावून सांगितले

मी दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. कोर्टाचे कागद लोकांच्या घरी नेऊन द्यायचे आणि मागच्या बाजूला अहवाल लिहायचा, हे माझं काम. नेर तालुक्यातली निम्मी गावं मी सायकलने पालथी घातली. कागद ओळखण्यात मी आजही चुकणार नाही. वकिलाची नोटीस कोर्टाची नसते; समोरच्याचं म्हणणं असतं, तरी उत्तर द्यावं. समन्स मात्र कोर्टाचं. साक्षीदाराला आलं तर जाऊन साक्ष द्यायची. पण प्रतिवादीला येतं तेव्हा सोबत दाव्याची नक्कल असते, आणि हजर राहून लेखी जबाब दिला नाही तर तुमच्या माघारी निकाल लागू शकतो. लोक वॉरंटला भितात. मी जागा हातच्या गेलेल्या पाहिल्या त्या समन्स घरात पडून राहिल्याने.

कापसाची ती वाईट वर्षं होती; कर्जापायी माणसं जीव देत होती. माझी खाकी थैली दारात दिसली की बायका आधी वळून घरातला माणूस जागेवर आहे ना, ते बघत. म्हणून मी पायरीवरूनच म्हणायचो, "काही नाही, साधा कागद आहे." रडारड टळायची आणि सहीही लवकर मिळायची. अहवालात मात्र दर वेळी एकच ओळ लिहायचो: मजकूर वाचून समजावून सांगितले.

त्यातल्या एका गावात गाद्या-रजया भरून देणारी एक विधवा होती. नवऱ्यामागे कापूस पिंजायचं यंत्र तीच चालवायची. दुकानाच्या जागेवर दिराने दावा लावला होता. मी समन्स घेऊन गेलो तेव्हा तिने यंत्र बंद केलं.

"वारंट तो नै ना, साहेब?"

"नाही वो भाभी. काहून भेता? साधं समन्स आहे. काम पडलं त बोलावतीन."

"जान निकाल दी तुमने तो!" तिने हसत अंगठा दिला आणि वर चहा पाजला.

त्या समन्सवर प्रतिवादी म्हणून तिचंच नाव होतं. मी ते वाचलं होतं. तारखेला ती गेली नाही, निकाल एकतर्फी लागला, आणि ताबा वॉरंट घेऊन त्या दुकानात मीच गेलो. तिने एवढंच विचारलं, "तुम्हीच बोले थे ना, कुछ नै करके?"

निकाल रद्द व्हावा म्हणून तिने अर्ज केला. मला साक्षीला उभं केलं. तिच्या वकिलाने विचारलं, समन्स समजावून दिलं होतं का? खरं बोललो असतो तर नोकरीवर बेतलं असतं. मी म्हणालो, "हो. अहवालात लिहिलं आहे." अर्ज फेटाळला गेला.

ते खोटं होतं.

ती आता उमरखेडला मुलीकडे राहते. गेल्या महिन्यात तिथे जाऊन मी हे तिला सांगितलं. तिने हातातली सुपारी कातरून अडकित्ता खाली ठेवला.

"दुकान तो गया, साहेब. पर मेरा देवर आज भी सबको बोलता, मैं जानबूझके कोर्टात नै गई, मेरी बाजू झूठी थी. उसको कौन सांगेगा?"

मी सांगतो. ती मुद्दाम गैरहजर राहिली नाही. कोर्टात यायचं आहे, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.