मुद्देमालातला दोन गाठींचा दोरा

पुष्कळ वर्षे लोटली, तरी पांडेसऱ्याच्या रस्त्यावर कलंडलेले ते चाकांवरचे घर माझ्या डोळ्यांपुढून हललेले नाही. नव्वदीचे दशक होते आणि मी सुरतेत फौजदार होतो.

ते घर म्हणजे जत्रांत पाळणे लावणाऱ्या एका मालकाचा ट्रेलर. ट्रकमागे जोडून ओढायचा. आत झोपायच्या फळ्या, चूल, पाण्याची मोठी टाकी. भार वाढला म्हणून आठवड्यापूर्वीच मालकाने त्याला मागे दुसरा ॲक्सल, म्हणजे चाकांचा आडवा आस, बसवून घेतला होता. भर दुपारी तो ट्रेलर एका अंगाला ओढला गेला आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर आडवा झाला. टपरीवाल्या बाईचा पाय मोडला. मालकाने फिर्यादीत स्वच्छ लिहून दिले की नवा ॲक्सल तिरका बसवला गेला, दोष फिटरचा.

फिटर पन्नाशीकडे झुकलेला, नवागामच्या मराठी वस्तीत राहणारा खानदेशी माणूस होता. पूर्वी यंत्रमागावर होता, नंतर गॅरेजात आला. मी हवालदाराला घेऊन गॅरेजात पंचनामा करायला गेलो, तेव्हा तो हात पुसत पुढे आला.

"भाऊ, तो दोरा बी लिखी ल्या," भिंतीकडे बोट करून तो म्हणाला.

भिंतीवर खिळ्यांना दहाबारा मेण लावलेले दोरे लटकत होते. प्रत्येकाला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर गाडीचा क्रमांक आणि तारीख. मी म्हणालो, "इथे कुणी भाऊ नाही. साहेब म्हण. आणि पतंगाचे दोरे जप्त करायला मी आलेलो नाही."

माझे वृद्ध हवालदार गुजराती होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, लखी नाखो ने. दोरानुं वजन केटलुं?"

लिहून टाकायला काय हरकत, दोऱ्याचे असे वजन ते किती! मी नाइलाजाने मान हलवली. त्या ट्रेलरचा दोरा पंचांसमक्ष लाखेने सीलबंद झाला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझे आईवडील धुळ्याकडचे. मी नवागामातच वाढलो. मराठी फौजदार आपल्या माणसांना सांभाळून घेतो, असे कुणी म्हणू नये, ही धास्ती मला सदैव असे. म्हणून खानदेशी माणूस समोर आला की मी आवाज एक पट्टी चढवत असे. त्याला मी निःपक्षपातीपणा समजत होतो.

चौकशीत मी त्याला दोन तास उभे ठेवले.

"ॲक्सल तिरका का बसला?"

"नही बसना साहेब. मनी चूक नही शे. दोरा दखा."

"दोरा, दोरा! लोखंडाचे काम दोऱ्याने होते का?"

तो क्षीण हसला. "मागवर ताना सरळ नही ऱ्हायना ते कापड तिरपं येस. गाडीनंबी तसंच शे."

मागावरचे उभे सूत सरळ नसेल तर कापड तिरके येते, हे मी ऐकले, पण कानाआड केले. गुन्हा जामीनपात्र होता. त्याची बायको शेजारच्या यंत्रमाग कामगाराला जामीन म्हणून घेऊन आली. घराचे कागद असलेला जामीनदार आण, असे सांगून मी तिला परत पाठवले. नवागामातल्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांपैकी असे कागद कुणाकडे असणार, हे मला चांगले ठाऊक होते. ती पायऱ्या उतरली. फिटर ती रात्र लॉकअपमध्ये राहिला. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने त्याला जामिनावर सोडले, पण तोपर्यंत गॅरेजच्या शेठने त्याला कामावरून काढले होते. काम बिघडवतो असे नाव पडलेल्या फिटरला सुरतेत दुसरे गॅरेज उभे करत नसे. दोषारोपपत्रात त्याचे नाव गेले असते, तर तो डाग कायमचा होता.

खबर आली ती महामार्गावरच्या एका पंक्चरवाल्याकडून. तो हवालदारांच्या ओळखीचा. म्हणाला, "साहब, एक्सीडेंट के चार दिन पहले उसी ट्रेलर में हवा भरी थी, टायर एकदम बराबर थे. फिर दो दिन बाद आए तो पीछे का एक टायर किनारे से घिसा हुआ. मैंने बोला, एक्सल देखो. ड्रायवर बोला, अपना काम कर."

ॲक्सल बसवल्यावर तीन दिवस सरळ चाललेली गाडी पुढच्या दोन दिवसांत तिरकी कशी झाली? त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. मी फिटरला ठाण्यात बोलावले आणि या वेळी खुर्ची दिली. "तुझ्या दोऱ्याचे काय, ते सांग," म्हणालो.

त्याची रीत साधी होती. ट्रकला जोडायच्या खुंटीपासून दोरा ताणायचा. पहिली गाठ पुढच्या ॲक्सलच्या टोकावर, दुसरी मागच्या. मग तोच दोरा दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे गाठी टोकांवरच पडल्या, म्हणजे ॲक्सल सरळ. गाडी फेरतपासणीला परत येईपर्यंत दोरा खिळ्यावरून काढायचा नाही. हा मालक परत आलाच नव्हता.

ठाण्याच्या आवारात आणून ठेवलेल्या ट्रेलरजवळ, पंच आणि वाहन निरीक्षकांसमोर, सील फोडले आणि दोरा ताणला. तीन टोकांवर गाठी बरोबर पडल्या. चौथ्या टोकाशी, मागच्या ॲक्सलच्या उजव्या अंगाला, गाठ दोन बोटे चुकली. म्हणजे दोष फिटरचाच, असे मला वाटले. फिटर मात्र खाली वाकला, चिखल खरवडला आणि म्हणाला, "दखा."

गाठीच्या नेमके समोर, स्प्रिंगच्या पाट्याच्या रंगावर ॲक्सल आधी जिथे आवळला होता तिथला दाबलेला चट्टा होता. निरीक्षकांनी पाटे उघडले. ॲक्सल जागेवर धरणारा मधला बोल्ट बदललेला निघाला. मापापेक्षा बारीक, कोरा करकरीत.

चालकाचा जबाब पुन्हा घेतला. आता तो टिकला नाही. खड्ड्यात चाक आपटून बोल्ट तुटला, ॲक्सल सरकला. दुसऱ्या दिवशी जत्रा उभी राहायची होती. मालक म्हणाला, मिळेल तो बोल्ट घाल आणि चल. अपघातानंतर दोघांनी मिळून फिटरचे नाव पुढे केले.

दोषारोपपत्र मालक आणि चालकावर गेले. फिटरचे नाव वगळण्याचा अहवाल मी स्वतः लिहिला, आणि केस डायरीत हेही नोंदवले की जप्त पुरावा पहिल्या दिवसापासून ताब्यात असूनही तपास अधिकाऱ्याने तो पाहिला नाही. वरिष्ठांनी विचारले, "स्वतःविरुद्ध कशाला लिहितोस?" मी ती ओळ खोडली नाही.

मग गणवेशातच गॅरेजात गेलो. सगळे कामगार जमल्यावर शेठला म्हणालो, "याचे काम सरळ होते. तिरका मी चाललो." शेठने त्याला त्याच दिवशी कामावर घेतले. त्याची बायको डबा घेऊन आली होती. मी तिच्यासमोर हात जोडले. ती म्हणाली, "जेवण करी ल्या, साहेब." त्याहून जड शिक्षा मला कुणी दिलेली नाही.

फिटर पान्याशी चाळा करत होता. मिस्कीलपणे म्हणाला, "साहेब, आते भाऊ म्हनू का?"

सेवेत मला काही प्रशस्तिपत्रे मिळाली. ती कपाटात आहेत. अभिमान वाटतो तो या एका तपासाचा, आणि त्यातही त्या न खोडलेल्या ओळीचा. परक्यासाठी एक माप आणि आपल्यासाठी दुसरे, मग ते सैल असो वा कडक, दोन्ही चुकीचेच. त्या माणसाचा दोरा दोन्ही बाजूंना तोच असे. पुढे प्रत्येक आरोपीसमोर बसताना मी आधी स्वतःला विचारत आलो, हा दुसऱ्या बाजूचा असता, तर मी याला खुर्ची दिली असती का?