आवरण्याचा क्रम

सकाळपासून माझी सहकारी वैशाली आमचं मुलांचं रंगकामाचं ॲप उघडत होती, बंद करत होती आणि फोनच्या मेमरीचा आलेख बघत होती. बंद केल्यावर रेघ खाली यायला हवी. ती दर वेळी थोडी वरच थांबायची. दहा-बारा वेळा असं झालं की स्वस्तातला फोन अडकून बसे, आणि ज्या अंगणवाड्यांसाठी हे ॲप होतं, तिथे असलेच फोन आहेत.

“मॅडम, कोडमधली ही पायऱ्यांची यादी तुमचीच ना?” ती हसली. “बंद करताना आधी पडदा काढलाय, मग चित्रं. पडदाच गेल्यावर चित्रं उतरवणार कुठून? ती मेमरीतच अडकून राहतात.”

यादी माझीच. उघडण्याची यादी मी बंद करण्यासाठी जशीच्या तशी उतरवली होती. मांडव घालताना आधी खांब, सोडताना आधी कापड, हे मला ठाऊक आहे. तरी आयुष्यभर याद्या केल्या त्या सुरुवातीच्याच. आवरणं आपोआप होतं, असं मी धरून चालले. त्यालाही क्रम असतो, आणि तो शिकायला पन्नाशीही चालते.

ओळी उलट लावल्या. वैशालीने वीस वेळा ॲप उघडून बंद केलं; वीसही वेळा रेघ तळाला आली.

“पाठवा आता अंगणवाडीत,” ती म्हणाली.