जिची पेटी, तिनं सांगायची

माने मॅडमची आणि माझी पहिली ओळख भांडणानं झाली. गौरवग्रंथात हे लिहावं का, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, लिहा, मॅडम हसतील. मॅडम हसणार नाहीत हे मला ठाऊक आहे; तरी लिहितो.

सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू झालो, तेव्हा प्रा. सरोजिनी माने तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होत्या. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. त्या वर्षी कुबड्या घेऊन चालणारा एक विद्यार्थी आला आणि मॅडमनी सगळी प्रयोगशाळा तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत आणायचं ठरवलं. प्राचार्यांची परवानगी त्यांनी मागाहून घेतली. चार दिवस टेबलं वाहून माझी कंबर धरली. पाचव्या दिवशी मी चिडून म्हणालो, एका विद्यार्थ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मॅडमनी टेबलाचं एक टोक स्वतः उचललं आणि दुसऱ्या टोकाकडे नजरेनं खूण केली. मी मुकाट्यानं धरलं. त्याला आता चाळीस वर्षं होत आली.

निवृत्तीनंतर मॅडमनी विश्रामबागेतल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये कार्यशाळा थाटली. माझी पेन्शन सुरू झाल्यावर मीही तिथंच जाऊन बसू लागलो. बोटं आखडलेल्यांसाठी जाड मुठीचा चमचा, दृष्टी नसलेल्या गृहिणीसाठी दूध वर यायला लागलं की वाजणारं यंत्र, मानेच्या हालचालीवर चालणारं दिव्याचं बटण, अशी किती तरी उपकरणं तिथून बाहेर पडली. या उपकरणांच्या लाकडी पेट्या मिरजेचे एक तंबोरे करणारे कारागीर उरलेल्या लाकडातून करून देत. एकाचं माप दुसऱ्याला चालवायचं नाही, ही मॅडमची शिस्त. मला कमी ऐकू येऊ लागलं आहे हे माझ्या बायकोच्या आधी मॅडमच्याच लक्षात आलं. मिरजेच्या दवाखान्यात त्या माझ्याबरोबर अर्धा दिवस बसल्या आणि मला श्रवणयंत्र घ्यायला लावलं. मी ते खिशात ठेवत असे. लोक काय म्हणतील, दुसरं काय!

मॅडमचा एक नियम मात्र मला अजिबात पटत नव्हता. उपकरण वापरणाऱ्याला ते कसं खोलायचं आणि कसं जोडायचं, हे तोंडपाठ सांगता आल्याशिवाय त्या ते घरी नेऊ देत नसत. हात चालत नसले तरी चालतील, सांगता आलं पाहिजे. जिची पेटी, तिनं सांगायची.

या नियमावरून आमचं सर्वांत मोठं भांडण अश्विनीमुळं झालं. अश्विनी कडेगावजवळच्या एका गावची. जन्मापासून तिचे हात थरथरतात, शब्द अडखळत येतात, डोकं मात्र वस्तऱ्यासारखं. पदवी झाली आणि तिनं सरकारी लिपिकाची परीक्षा दोनदा दिली. दोन्ही वेळा मिळालेल्या लेखनिकाला तिचं बोलणं कळेना. ती सांगायची एक, तो टिपायचा भलतंच. तिचे वडील फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांची तब्येत ढासळलेली, पोरीला घेऊन फिरणं होईना. ते मॅडमना म्हणाले, "ही शेवटची बारी हाय मॅडम. ह्यात न्हाई झालं, तर ती घरात बसंल." शेजारी बसलेल्या अश्विनीनं मान खाली घातली होती.

परीक्षा आता संगणकावर होती. मॅडमनी तिच्यासाठी पेटी केली. वरच्या अंगाला क्रिकेटच्या चेंडूएवढा गोळा. तो मनगटानं फिरवला की पडद्यावरचा बाण हलायचा. बाजूला बशीएवढं बटण, ते कोपरानं दाबायचं. पेटी दोन महिन्यांत तयार झाली. पण पुढचा महिनाभर मॅडम दर रविवारी अश्विनीला समोर बसवून तिच्याकडून एकेक पायरी म्हणवून घेत. एका वाक्याला मिनिट लागायचं, तिच्या मानेच्या शिरा फुगायच्या. मला बघवेना. मी मॅडमना तोंडावर म्हणालो की हा शुद्ध छळ आहे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पेटी बिघडली आणि मी जवळ नसले, तर तिनं कुणाच्या तोंडाकडे बघत बसायचं?" मी आठ दिवस कार्यशाळेत पाऊल टाकलं नाही.

परीक्षेचं केंद्र साताऱ्यात आलं. उपकरण वापरायच्या परवानगीचं पत्र हातात होतं. यंत्र जोडून द्यायला मदतनीस म्हणून मी आत गेलो. मॅडम आणि हवालदार फाटकाबाहेर थांबले. सुरू व्हायला बारा मिनिटं होती. पर्यवेक्षकांनी पत्र वाचलं, पेटी उलटीपालटी केली आणि म्हणाले, खोलून दाखवा. आत काही लपवलेलं नाही, याची खात्री त्यांना हवी होती. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

मी पेटी खोलली. त्यांनी वाकून पाहिलं, मान डोलावली. सुटलेल्या वायरी आणि गोळ्याखालची चकती घाईत परत बसवून मी पेटी बंद केली, संगणकाला जोडली. अश्विनीनं गोळा डावीकडे फिरवला की बाण वर जात होता, वर फिरवला की डावीकडे; वायरी उलटसुलट लागल्या होत्या. पुन्हा खोलली, तर घाईत आणखी एक वायर निसटली. चाळीस वर्षं वायरीच जोडत आलेला मी, मला काही सुचेना. मॅडमना विचारून येतो म्हणालो, तर पर्यवेक्षक म्हणाले, बाहेर गेलेल्याला परत आत घेता येणार नाही. तेवढ्यात घंटा झाली. सगळ्यांच्या पडद्यांवर वेळ उलटी पळू लागली, तिच्याही.

"काका," अश्विनी म्हणाली, "हात थांबवा. मी सांगते."

ती पुढं काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. श्रवणयंत्र खिशात! मी ते काढून कानात घातलं. पर्यवेक्षक दचकून म्हणाले, हे आता काय? मी म्हणालो, बहिरा आहे साहेब, आणि मूर्खही आहे. त्यांनी हातानंच, चालू द्या, अशी खूण केली.

मग ती एकेक शब्द ओढून काढत सांगत गेली. निळी वायर तळाच्या खाचेत. पिवळी भिंतीकडच्या. काळी आधी सोडवा, मग चकती बसवा. घाई करायला लागलो की ती थांबायची आणि माझे हात थांबल्यावरच पुढचं बोलायची. शेजारच्या परीक्षार्थींच्या बटणांचा टकटकाट चालू होता, घाम माझ्या चष्म्यावर पडत होता. शेवटचा स्क्रू बसला. तिनं मनगट टेकवून गोळा डावीकडे फिरवला. बाण डावीकडे गेला. पडद्यावर पाहिलं, नऊ मिनिटं गेली होती. वाढीव वेळ द्यायचा अधिकार पर्यवेक्षकांना नव्हता. मला त्यांनी बाहेर पाठवलं.

फाटकाशी मॅडम उन्हात उभ्या होत्या. मी घडाघडा सगळं सांगितलं, पोरीनं कमाल केली म्हणालो, तुमचं बरोबर होतं हेही म्हणालो. मॅडमनी ते न ऐकल्यासारखं केलं. अश्विनी बाहेर आल्यावर त्यांनी एकच विचारलं, किती राहिले? सात प्रश्न राहिले होते. मॅडमचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पेटी न खोलता आतलं दिसायला पाहिजे होतं. हे मला सुचायला हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून त्या पारदर्शक झाकणाच्या पेट्या करायला लागल्या. निकाल लागेपर्यंतचे तीन महिने कार्यशाळेत त्या सात प्रश्नांचं नाव कुणी काढलं नाही, पण फोन वाजला की आम्ही दोघंही दचकत होतो. मला मनातून वाटायचं की आठ दिवस रुसून न बसता त्या पायऱ्या मीही ऐकल्या असत्या, तर ती नऊ मिनिटं गेलीच नसती. मॅडम एका शब्दानं मला तसं बोलल्या नाहीत. ते माझ्याच्यानं सहन होत नव्हतं.

गेल्या महिन्यात फोन आला. मॅडमनी तो कानाला लावला आणि त्या बराच वेळ ऐकतच राहिल्या. पलीकडे अश्विनी तिच्या गतीनं बोलत होती आणि मॅडमनी आजवर कुणाचंही वाक्य मध्ये तोडलेलं नाही. मग त्या खालीच बसल्या, फरशीवर. म्हणाल्या, "लागली. यादीत शेवटचं नाव तिचं आहे." मी ओक्साबोक्शी रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

अश्विनी येत्या सोमवारी कामावर रुजू होईल. मॅडमनी पंचाहत्तरीच्या समारंभाची तारीख त्यासाठी पुढं ढकलायला लावली, कारण त्यांना त्या कार्यालयात जाऊन तिच्या टेबलाची उंची पाहायची आहे.

मॅडम, आपल्याला उत्तम आरोग्य लाभो, हात असेच चालत राहोत. सत्ताविसाव्या वर्षी नोकरीला लागलेली अश्विनी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल. त्या समारंभात आपल्याला पहिल्या रांगेत बसलेलं मला पाहायचं आहे. तेव्हा आपलं वय काय असेल, याचा हिशेब कृपा करून कुणी मांडू नये.