मठ्ठा चांगला होता

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. रोज ज्या चौघींबरोबर नाशिकहून शाळेपर्यंत एका गाडीत अपडाउन करते त्यांनाही नाही — आणि त्या गाडीत तर काहीच लपून राहत नाही, कुणाच्या सासूला कोणती गोळी चालू आहे इथपर्यंत सगळं आम्हाला पाठ असतं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तीन वर्षं मनातल्या मनात चिडून आता थकले म्हणूनही असेल.

मी चांदवड तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका आहे. शाळेत दुपारचं जेवण शिजतं, त्याची जबाबदारी माझ्याकडे. नियम असा, की मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने स्वतः खाऊन बघायचं आणि चवीच्या रजिस्टरमध्ये लिहून सही करायची. म्हणजे रोज पहिला घास माझा. तेव्हा संगीता आमच्याकडे स्वयंपाकाला होती. ती शेगडीपाशी कुणाला चप्पल घालून येऊ द्यायची नाही, मलासुद्धा नाही. तांदूळ तीन पाण्यांनी धुवायची, डाळ निवडताना ताट पार डोळ्यांजवळ न्यायची. चार वर्षांत मी तिच्या हातच्या जेवणाबद्दल एक वावगा शब्द लिहिला नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दोन जावांना सोबत घेऊन आसपासच्या गावांतल्या लग्नांचा स्वयंपाक करायची. तिचा मठ्ठा विशेष. लोक जेवणाआधी एक ग्लास आणि जेवणानंतर दोन ग्लास प्यायचे.

म्हणून माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णांकडे, लग्न निघालं तेव्हा हळदीचा स्वयंपाक संगीताला द्या असं मीच सांगितलं. अण्णांचा मळा शाळेपासून पाच किलोमीटरवर. नवरामुलगा सागर माझा भाचा, मी त्याची आत्या. आत्याचा शब्द कोण मोडणार?

आता हळदीबद्दल बोलायला हवं. तुमच्याकडे कशी होते मला माहीत नाही. आमच्याकडे पूर्वी पाच सवाशिणी, पाटा, उखळ, चार गाणी आणि जेवण एवढंच असायचं. आता मांडव पिवळा, कुडते पिवळे, दुपारपासून डीजे — आणि मित्रांची सोय. सोय म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. नवऱ्यामुलाच्या बापाने ती करायची. नाही केली तर पोरं नाचत नाहीत, आणि पोरं नाचली नाहीत तर हळद फिकी पडली असं गावभर होतं. हे कुणी ठरवलं? मी तर कुठल्याच बैठकीत ठरवताना बघितलं नाही. तरी सगळे पाळतात. ज्या घरात आयुष्यात कधी बाटली आली नाही त्या घरातही त्या एका दिवसासाठी खोकी उतरतात, आणि घरातल्या बायका त्या खोक्यांकडे न बघता पुढे जायला शिकतात.

मीही तशीच पुढे गेले. अण्णांनी मला सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरांची सोय मागच्या शेडमध्ये केलीय, तू मास्तरीण आहेस, तिकडं फिरकू नको. मी फिरकले नाही. माझा निनाद तेव्हा एकोणीस वर्षांचा, नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तीन वाजल्यापासून तो मांडवात दिसत नव्हता. कुठे असणार तो? मला कळत होतं ना. दर वर्षी शाळेतल्या मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ घेणारी बाई मी — फळ्यावर ती माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहायची असा रिवाजच आहे. पण त्या दिवशी मी बायकांत बसून मेंदी बघत राहिले. म्हटलं, एक दिवस. म्हटलं, वयच आहे. हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

शेडमध्ये काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. खेळ होता. डीजेने गाणं बदललं की हातातला ग्लास एका दमात रिकामा करायचा. आणि हल्लीचे डीजे कुठलं गाणं पुरतं वाजवतात? अर्ध्या मिनिटात दुसरं. बाहेर आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि आत त्या प्रत्येक गाण्याला एकेक ग्लास संपत होता. पोरं दारू पीत होती असं म्हणणंसुद्धा चुकीचं आहे. पिण्यात निदान चव तरी असते. ही पोरं ती नुसती ओतत होती, आत, मोरीत पाणी ओतावं तशी.

पाचच्या सुमाराला कुणीतरी मला बोलवायला आलं. निनाद शेडच्या मागे जमिनीवर पडला होता. ओठ पांढरे, अंग गार, हाक मारली तर डोळे उघडायचे पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्याच्या पिवळ्या कुडत्यावर जे होतं त्याचा वास — तो वास मी आजही सांगू शकते. अजून दोन मुलं शेजारीच भिंतीला धरून ओकत होती. अण्णांनी गाडी काढली. चांदवडपर्यंतच्या त्या रस्त्यावर मी त्याचं डोकं एका कुशीवर धरून बसले होते, ओकारी घशात जाऊ नये म्हणून, आणि त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. इतकी घाबरले होते की कुठल्या देवाचं नावसुद्धा आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी एकच विचारलं, किती घेतलीय? मी अण्णांना बाहेर थांबायला सांगितलं आणि डॉक्टरांना खरं तेच सांगितलं. हे नीट ऐका. मला खरं माहीत होतं, ते बोलता येत होतं आणि मी ते बोलले — जिथे मुलाचा जीव अडकला होता तिथे. सलाईन लागली. तासाभराने तो मला आई म्हणून हाक मारू लागला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी पदर डोळ्यांना लावून बाहेर आले.

बाहेर एव्हाना दहा-बारा जण जमले होते. सागरच्या होणाऱ्या सासरची दोन माणसंसुद्धा. सगळे माझ्याकडे बघत होते. काय झालं म्हणून कुणीतरी विचारलं. आणि मी म्हणाले, "मठ्ठा बाधला."

मला सुचायला एक क्षणही लागला नाही. तुम्हाला वाटेल, घाबरलेल्या आईच्या तोंडून निघून गेलं. नाही हो. घाबरणं आत दवाखान्यातच संपलं होतं. माझा मुलगा दारू पिऊन पडला हे उद्या लग्नात, परवा शाळेत आणि तेरवा आमच्या कॉलनीत कसं पोचेल, याचा पूर्ण हिशोब करूनच मी ते बोलले. जेवण बाधणं म्हणजे काय हे सांगायला माझ्याइतकं लायक माणूस त्या तालुक्यात नव्हतं. रोज चव घेऊन सही करणारी बाई म्हणतेय म्हटल्यावर कोण शंका घेईल? वर मी हेही सांगितलं, की ऊन फार होतं, दही आंबलं असणार, मला पितानाच जरा शंका आली होती.

मी त्या दिवशी दोन ग्लास मठ्ठा प्यायले होते. चांगला होता. गार, ताजा, वर कोथिंबीर. तिसरा ग्लास घ्यावासा वाटत होता, पण आत्याने किती प्यावं म्हणून घेतला नाही.

मळ्यात तीनशे माणूस जेवलं. बाधला फक्त शेडमधल्या तिघांना. ही साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही? आली असणार. मला खात्री आहे, निम्म्या मांडवाला माहीत होतं. पण माझं खोटं सगळ्यांच्याच पथ्यावर पडलं. अण्णांची सोय झाकली, व्याह्यांची अब्रू राहिली, बाकीच्या दोन पोरांच्या आईबापांना घरी सांगायला काहीतरी मिळालं. सगळ्यांनी हात पुढे करून ते घेतलं. याचा मला इतका संताप येतो — आणि मग आठवतं, ते त्यांच्या हातावर ठेवलं कुणी?

मी परत आले तेव्हा संगीता मांडवामागे मठ्ठ्याचं पातेलं उलटं करून बसली होती. कुणीतरी तिला बरंच बोलून गेलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी बायकांच्या घोळक्यातून सरळ आत गेले.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. निनादचे बाबा सिन्नरला कारखान्यात आहेत, ते थेट लग्नाला आले. निनाद खोलीत पडून होता. त्याने मला विचारलं, बाबांना काय सांगितलंस? मी म्हणाले, मठ्ठा. तो हसला. मला वाटलं होतं रडेल, निदान मान तरी खाली घालेल. तो हसला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मे महिन्यात संगीताच्या ठरलेल्या ऑर्डरी गेल्या. जूनमध्ये शाळा उघडली आणि पालकांच्या समितीत विषय निघाला, ज्या बाईच्या हातून लग्नात विषबाधा झाली तिच्या हातचं आमची लेकरं का खातील? बरोबरच होतं त्यांचं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. चार वर्षांची रजिस्टरं माझ्यामागच्या कपाटात होती, प्रत्येक पानावर माझी सही. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "मी काय सांगणार, समिती ठरवेल ते." समितीने पाच मिनिटांत ठरवलं. त्याच महिन्यात मी मुलांना रांगेत उभं करून शपथ दिली. आवाज चांगला लागला होता माझा, सगळे म्हणाले.

आणि निनाद? तुम्ही विचारणारच. त्याला मी वाचवलं ना. त्याच्या मित्रांत आता पिण्याला तोच शब्द झालाय, मठ्ठा जास्त झाला म्हणतात आणि खिदळतात. मी दारात उभी असताना म्हणतात. त्याचं एक वर्ष गेलं, मग दुसरं. शनिवारी धरणाच्या बाजूला पाचसहा जण जमतात, आणि रविवारी हा दुपारी दोनला उठतो. एकदा त्र्यंबक रस्त्यावर गाडीवरून पडला, पुढचा दात गेला. वडिलांना मी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. बघा, मला अजूनही सुचायला वेळ लागत नाही. मी त्याच्यावर ओरडते, तो ऐकून घेतो, शेवटी म्हणतो, चिडू नको, तू घेशील सांभाळून. हे त्याला शेडमधल्या पोरांनी शिकवलं नाही, डीजेने नाही, दारू विकणाऱ्याने नाही. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून मी शिकवलं.

मी इथेच थांबले असते तरी चाललं असतं. आई मुलासाठी खोटं बोलली — लोक असं पोटात घालतात, उलट दोन गोड शब्दही बोलतात. पण सांगायचं होतं ते हे नाहीच. ते पुढचं आहे, आणि ते या वर्षीचं आहे.

या उन्हाळ्यात शाळेतून निघताना रस्त्यावर संगीता भेटली. आता ती खळ्यावर कांदा निवडायला जाते. डोक्याला रुमाल, हाताची बोटं काळी पडलेली. आमची गाडी यायला उशीर होता, म्हणून मी सावलीला उभी होते. टाळता आलं नाही. मला वाटलं, आज बोलेल. तीन वर्षं मी त्याचीच वाट बघत होते खरं तर. तिने मला झाडावं, गावासमोर झाडावं, म्हणजे एकदाचं संपेल.

ती जवळ आली, डोक्याचा रुमाल सोडला आणि विचारलं, "मॅडम, तुमचा मुलगा बरा हाय ना आता? पोटाचा तरास नाय ना राह्यला मागं?"

मी मान हलवली.

"मी दही चाखूनच घेतलं व्हतं त्या दिवशी. पन माझ्याच हातून काय राह्यलं आसन. लय इचार केला, काय राह्यलं ते काय सापडंना." घरी आता मठ्ठा करत नाही, म्हणाली. पोरं मागतात, पण हात धजत नाही.

तिला माझ्यावर संशयही नव्हता. चार वर्षं मी तिला रोज खाऊन सांगत होते की तू केलंस ते चांगलं आहे, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मग मी म्हणाले की वाईट होतं, तर तिने तेही मानलं. स्वतःच्या जिभेपेक्षा माझ्या जिभेवर तिचा जास्त भरवसा होता. त्या रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. मुख्याध्यापक नव्हते, व्याही नव्हते, कुणी ऐकायला नव्हतं. निनादची जी काही अब्रू वाचवायची होती ती त्याने कधीच उधळली होती. माझ्याकडे गप्प बसायला एकही कारण उरलं नव्हतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि म्हणाले, "होतं असं एखाद्या वेळी, संगीता. आमच्या मनात काही नाही. तूही मनाला लावून घेऊ नकोस."

मी तिला माफ केलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वाकून माझे पाय धरले, आणि मी धरू दिले.